बाटलीवरचे फादर

कॅरिबियन समुद्रात मारी-गलांत नावाचे एक लहानसे बेट आहे. तेथे गाळल्या जाणाऱ्या एका रमचे नाव आहे 'पेर लाबा'. फ्रेंच भाषेत 'पेर' म्हणजे आपण ज्यांना 'फादर' म्हणतो ते. म्हणजे ही रम एका कॅथलिक धर्मगुरूच्या नावाने विकली जाते, आणि ते धर्मगुरू काल्पनिक नव्हेत. झाँ-बाप्तिस्त लाबा (१६६३–१७३८) हे डोमिनिकन संघाचे फादर होते. शेजारच्या मार्तिनिक बेटावर त्यांनी धर्मग्राम सांभाळला, साखरेचा मळा चालवला, आणि उसापासून मद्य गाळण्याच्या तेथील पद्धतीत सुधारणा केल्या. त्या बेटांवर रमचा इतिहास सांगू लागले की त्यांचे नाव पहिल्या काही वाक्यांत येतेच.

मार्तिनिकवर आम्ही एक दिवस काढला, आणि तेव्हापासून हे नाव आमच्या मनात सलते आहे. ते का सलते, आणि आमच्या वाचकांनाही ते का सलावे असे आम्हांला वाटते, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

दीर्घ सागरी सफरींच्या जहाजांवर प्रवाशांसाठी आणि खलाशांसाठी मिस्सा अर्पण करायला कधीकधी धर्मगुरूला बोलावतात. दोन वर्षांपूर्वी अशी संधी आम्हांला मिळाली. फेब्रुवारीतल्या एका सकाळी जहाज फोर-द-फ्रान्सच्या बंदराला लागले. त्या दिवशीच्या किनारी सहलींच्या यादीत 'रमच्या भट्ट्यांचा फेरफटका' होता. आमच्याच भागातून जाऊन कॅनडात स्थायिक झालेले एक कुटुंब जहाजावर होते, त्यांनी आग्रह केला आणि आम्ही त्यांच्याबरोबर बसमध्ये बसलो.

त्या दिवसाचे सौंदर्य आम्ही नाकारणार नाही. रस्ता डोंगरातून उत्तरेकडे जात होता. दोन्ही बाजूंना हिरवा ऊस, पलीकडे निळा समुद्र, आणि दूर ढगांत शिखर लपवून बसलेला पेले ज्वालामुखी. ऊसतोडीचा हंगाम नुकताच लागला होता. मार्तिनिकची खासियत अशी की तेथली बहुतेक रम मळीपासून होत नाही, ताज्या उसाच्या रसापासून होते. ऊस चरकातून पिळायचा, उरलेली चिपाडे बॉयलरमध्ये जाळून त्यांच्याच वाफेवर यंत्रे चालवायची, रस आंबवायचा आणि तांब्याच्या उंच स्तंभातून तो गाळायचा. मग ती धार स्वच्छ पांढरी विकायची, नाहीतर ओकच्या पिंपांत मुरवत ठेवायची. 'जुनी' हे बिरुद लावायचे असेल तर निदान तीन वर्षे. १९९६ साली या रमला फ्रान्सने उगमस्थानाचा कायदेशीर दर्जा दिला. असा मान तेथे नामांकित वाइनना मिळत आला आहे. कारागिरी म्हणून हे सारे पाहण्याजोगे आहे, आणि ज्यांचे हात तेथे आज राबतात त्यांच्याविषयी आमच्या मनात आदर आहे.

त्या दिवसात आम्ही तीन भट्ट्या पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी क्रम तोच. आधी बाग, मग चरक, मग स्तंभ, मग पिंपांची थंड अंधारी कोठी, आणि शेवटी लहान लहान प्याल्यांचे टेबल. एका ठिकाणी मळेवाल्याचे जुने घर होते. लाकडी सज्जा, वेताच्या खुर्च्या, भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी. वाटाड्यांनी आम्हांला उसाच्या जाती सांगितल्या, मातीचा गुण सांगितला, पिंपाचे लाकूड आतून किती जाळतात ते सांगितले, मालकांच्या पिढ्या नावानिशी सांगितल्या. तीनही ठिकाणी एक शब्द मात्र कोणी उच्चारला नाही. तो शब्द 'गुलाम'.

तीन ठिकाणी तीन निरनिराळी माणसे बोलत होती, तरी गाळलेली जागा एकच होती. तेव्हा हा विसराळूपणा म्हणायचा की रीत?

जे सांगितले गेले नाही ते आता आपणच सांगू. मार्तिनिकमध्ये ऊस रुजला तो आफ्रिकेतून जहाजांच्या पोटात कोंबून आणलेल्या माणसांच्या श्रमांवर. १६८५ साली चौदाव्या लुईच्या नावाने 'काळी संहिता' म्हणून ओळखला जाणारा कायदा निघाला. प्रत्येक गुलामाला कॅथलिक धर्माची शिकवण आणि बाप्तिस्मा मिळालाच पाहिजे, रविवारी आणि सणाच्या दिवशी त्याच्याकडून काम करून घेता कामा नये, असे तो कायदा सांगतो. वाचून बरे वाटते. पण तोच कायदा पुढे म्हणतो की गुलाम ही जंगम मालमत्ता आहे. पहिल्यांदा पळाला तर त्याचे कान छाटावेत आणि खांद्यावर डाग द्यावा, दुसऱ्यांदा पळाला तर गुडघ्यामागची शीर तोडावी, तिसऱ्यांदा देहान्त. ज्याला बाप्तिस्म्याने देवाचे लेकरू केले, त्यालाच पुढच्या कलमांनी खुर्ची-टेबलाच्या यादीत बसवले! आम्हां धर्मगुरूंना या कायद्याची लाज वाटली पाहिजे, कारण त्याच्या आरंभी आमचा संस्कार आहे.

अशा बेटावर १६९४ च्या जानेवारीत फादर लाबा उतरले. उत्तरेकडच्या माकुबा धर्मग्रामाचे काम त्यांनी पाहिले. पुढे सेंत-मारीजवळच्या फोँ-सें-झाक या डोमिनिकन मळ्याचा कारभार त्यांच्याकडे आला. माणूस बुद्धिमान, उद्योगी, हरहुन्नरी. कर्जात रुतलेला मळा त्यांनी वर काढला. हे त्यांनी केले ते गुलामांच्या श्रमांवर. ते गुलाम विकत घेत आणि त्यांना शिक्षाही देत. हा आमचा आरोप नव्हे. १७२२ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे. मांत्रिक म्हणून पकडलेल्या एका गुलामाला आपण सुमारे तीनशे फटके मारविले आणि मग मिरची व लिंबे चुरडलेल्या खारट पाण्याने त्याचे अंग धुवविले, असे ते सांगतात, आणि सांगताना त्यांची लेखणी कापत नाही. ते हात दुसऱ्या सकाळी वेदीपाशी पवित्र भाकर उचलीत होते.

बाटलीवरचे फादर ते हे.

येथे आमच्या काही सुशिक्षित वाचकांचा पहिला आक्षेप येईल, तो आम्हांला ठाऊक आहे. 'त्या काळी सगळेच तसे वागत. आजच्या फुटपट्टीने त्यांना मोजू नका.' हा आक्षेप इतक्या वेळा ऐकू येतो की तो खरा मानण्याची आपल्याला सवय झाली आहे. तो खरा नाही. लाबांच्या आधी जवळजवळ दोनशे वर्षे, १५१४ साली, क्युबामध्ये बार्तोलोमे दे लास कासास नावाचे धर्मगुरू पेंतेकोस्त सणाच्या प्रवचनाची तयारी करीत होते. बेनसिराच्या ग्रंथाचा ३४ वा अध्याय त्यांच्यासमोर होता. अन्यायाने मिळवलेल्या वस्तूचे अर्पण देवाला नकोसे असते, आणि गरिबाची भाकर हिरावणारा खुनी ठरतो, हा त्या अध्यायाचा आशय. वाचता वाचता त्यांचे डोळे उघडले. आपल्या वाट्याला आलेले इंडियन वेठबिगार त्यांनी सोडून दिले आणि उरलेले आयुष्य त्यांच्या कैवारासाठी वेचले. ते पुढे लाबांच्याच संघात, डोमिनिकन संघात, गेले. तेही निर्दोष नव्हते. आफ्रिकेतून गुलाम आणावेत असे त्यांनी एकेकाळी सुचवले होते. पण पुढे त्याबद्दल पश्चात्ताप झाल्याचे त्यांनी लिहून ठेवले.

लास कासास फार दूरचे वाटत असतील तर लाबांच्या अगदी दाराशी या. १६८१ साली हवानामध्ये फ्रांसिस्को होसे दे हाका आणि एपिफानियो दे मुआरां हे दोन कॅपुचिन बंधू उघडपणे सांगू लागले की आफ्रिकी माणसांना गुलाम करणे धर्मबाह्य आहे, त्यांना मुक्त करून त्यांच्या श्रमांचा मोबदला दिला पाहिजे. जे मालक हे मानीत नसत त्यांना पापनिवेदनात ते क्षमा देईनात. परिणाम काय झाला? दोघांनाही पकडून स्पेनला पाठवण्यात आले. त्याच सुमारास लोरेन्सो दा सिल्वा दे मेन्दोन्सा या अंगोलाच्या कृष्णवर्णी कॅथलिक प्रापंचिकाने रोमला जाऊन पोपमहोदयांपुढे आपल्या बांधवांची दाद मागितली. १६८६ साली रोमच्या धर्मतत्त्व मंडळाने निर्दोष माणसांना बळाने वा कपटाने पकडण्याच्या आणि त्यांच्या खरेदी-विक्रीच्या विरोधात निर्णय दिला. लाबा मार्तिनिकला उतरले ते त्यानंतर आठ वर्षांनी. तेव्हा 'त्या काळी कोणाला कळत नव्हते' असे म्हणू नये. कळत होते. कळणाऱ्यांना बोटीत घालून परत धाडले गेले, आणि न कळल्याचे सोंग करणाऱ्यांची नावे बाटल्यांवर आली.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येईल. 'फादर, तुम्ही मद्याच्या भट्ट्या पाहायला गेलातच कशाला? दारू ती दारू!' दारूने मोडलेली घरे आम्ही कितीतरी पाहिली आहेत. मध्यरात्री दार ठोठावून बोलावणे आले म्हणून आम्ही त्या घरांत गेलो आहोत. त्याविषयी आम्ही अन्यत्र लिहिले आहे आणि पुन्हा लिहू. पण काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस करणाऱ्या प्रभूच्या शिष्यांनी प्याल्यालाच पाप म्हणून मोकळे होऊ नये. तसे म्हटले की सोपे होते. पाप प्याल्यात आहे, आपण पीत नाही, तेव्हा आपला संबंध संपला. हा संबंध इतका स्वस्तात संपत नाही. चहात साखर घालणारा प्रत्येक जण उसाच्या या इतिहासाचा वाटेकरी आहे.

तिसरा आक्षेप मात्र आम्हांला प्रत्यक्ष ऐकावा लागला. परतीच्या वाटेवर आम्ही आमच्या सोबतच्या कुटुंबाला यातले काही सांगू लागलो, तेव्हा गृहिणी सौम्यपणे म्हणाल्या, "फादर, वर्षभर राबून चार दिवस सुट्टीला आलोय. मुलांसमोर आजच हे नको ना." आम्ही गप्प बसलो. त्या भल्या बाई आहेत, मुलांवर त्यांनी उत्तम संस्कार केले आहेत, आणि सुट्टी हा कष्टकऱ्याचा हक्क आहे हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. ज्या मुलांना आपण दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने चालवतो, जी मुले रक्त, काटे आणि खिळे न घाबरता पाहतात, त्यांना उसाच्या मळ्यातला माणूस तेवढा झेपणार नाही, हे कसे? दोन हजार वर्षांपूर्वीचे दुःख आपण मुलांना दाखवतो, कारण ते आपले तारण आहे असे मानतो. तीनशे वर्षांपूर्वीचे दुःख झाकतो, कारण तेथे आपण खिळे ठोकणाऱ्यांच्या रांगेत उभे असल्याचे दिसते.

आणि वाटाड्यांना तरी दोष कोणत्या तोंडाने द्यावा? तिसऱ्या भट्टीत प्रवासी प्याल्यांभोवती जमले असताना आम्ही तेथल्या वाटाड्या मुलीला बाजूला विचारले. ती मार्तिनिकचीच, त्याच आफ्रिकी पूर्वजांची लेक. ती म्हणाली, "कोणी विचारले तर मी सांगते. फारसे कोणी विचारत नाही." मग तिने आपल्या आजीविषयी सांगितले. आजी उसाच्या मळ्यात 'आमारोझ' होती. पुरुष कोयत्याने ऊस तोडीत पुढे जाई आणि त्याच्या मागून एक बाई वाकून तो गोळा करी, उसाच्याच पानांनी मोळ्या बांधी. ती बांधणारी म्हणजे आमारोझ. फटफटल्यापासून उन्हे चढेपर्यंत आणि पुन्हा उतरेपर्यंत. आजीचे हात पात्यांनी चिरलेले असत, आणि रम गाळणाऱ्यांची नावे सगळ्यांना ठाऊक असली तरी मोळी बांधणारीचे नाव कोठल्याच पाटीवर नाही, एवढे बोलून ती पुन्हा प्याले भरायला गेली.

हे वाचताना आमच्या महाराष्ट्रातल्या वाचकाला काही आठवले नाही काय? बीडच्या आणि मराठवाड्याच्या कोरडवाहू गावांतून दिवाळीच्या मागेपुढे निघणाऱ्या टोळ्या आठवाव्यात. नवरा तोडणार, बायको मोळी बांधून डोक्यावरून वाहणार. आणि त्या दोघांना मिळून आपल्याकडे नाव आहे 'एक कोयता'. दोन माणसे, एक हत्यार! मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नाही. एक दिवस पडून राहिले तर खाडा. खाडा पडू नये म्हणून बायांनी गर्भाशये काढून घेतल्याच्या बातम्या २०१९ साली आल्या, आणि राज्य सरकारने नेमलेल्या समितीला पाहणीत अशी शस्त्रक्रिया झालेल्या १३ हजारांहून अधिक ऊसतोड बाया आढळल्या. त्या उसाची साखर आपल्या केकमध्ये जाते, आणि त्याच्या मळीचे मद्य नाताळच्या मेजवानीत येते. मार्तिनिकची गुलामगिरी आणि ही उचल एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे दोघांच्याही दुःखाचा अपमान होईल. पण न विचारण्याची आपली सवय मात्र दोन्हीकडे एकच आहे.

मार्तिनिकची पुढची कथाही सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या देशापर्यंत येते. १८४८ च्या एप्रिलमध्ये पॅरिसने गुलामगिरी रद्द केल्याचा हुकूम काढला. तो बेटावर पोहोचण्यापूर्वीच, ढोल वाजवला म्हणून एका गुलामाला अटक झाली आणि २२ मे रोजी सें-पिएरमध्ये गुलामांनी उठाव केला. दुसऱ्या दिवशी गव्हर्नरला त्यांची मुक्तता जाहीर करावी लागली. आजही २२ मे हा तेथे सुट्टीचा आणि स्मरणाचा दिवस आहे. पण १८४९ साली नुकसानभरपाईचा कायदा झाला तो मालकांसाठी. ज्यांचे आयुष्य गेले त्यांना काहीही मिळाले नाही. मग मोकळ्या झालेल्या मळ्यांत राबायला माणसे कोठून आणली? १८५३ पासून पाँडिचेरी आणि कारिकलच्या बंदरांतून, पाच पाच वर्षांच्या करारावर. तीस-एक वर्षांत सुमारे २५ हजार भारतीय त्या एका बेटावर नेले गेले, त्यांत बहुतेक तमिळ. उत्तरेकडच्या बास-पोएंत भागात त्यांचे वंशज आणि त्यांची देवळे आजही आहेत. जे कुटुंब 'हे आपले दुःख नव्हे' म्हणत होते, त्याच्या पासपोर्टाचा रंग बदलला असेल; पण त्या मळ्यात आपल्याही देशाची माती मिसळली आहे.

तेव्हा आमचे म्हणणे काय? भट्ट्या पाहू नयेत, असे नाही. सहली करू नयेत, असेही नाही. अलीकडे आमच्या धर्मग्रामांतून युरोपच्या तीर्थयात्रा निघतात आणि जोडीला सागरी सफरीही होतात. त्याचा आम्हांला आनंद आहे. मिस्सेच्या अर्पणविधीत आपण भाकर आणि द्राक्षारस देवापुढे धरतो, तेव्हा त्यांना दुहेरी दान मानतो: भूमीचे फळ आणि माणसाच्या हातांचे श्रम. त्या दिवशी तीन ठिकाणी आम्हांला भूमीविषयी पुष्कळ ऐकवले गेले. हातांविषयी मात्र फक्त एका मुलीने, तेही विचारल्यावर. ज्या लोकांनी जन्मभर दर रविवारी हे दुहेरी अर्पण पाहिले आहे, त्यांनी तरी अर्ध्यावर समाधान मानू नये. प्याला हातात घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा. हे कोणी पिकवले, आणि त्याला काय मिळाले? प्रश्न विचारायला फ्रेंच लागत नाही, आणि वाटाड्या मुलीच्या बोलण्यावरून वाटते, तो विचारला जावा अशी वाट पाहणारे कोणीतरी तेथे असते. मार्तिनिकला जाणाऱ्यांनी फोँ-सें-झाकही पाहावे. तेथे आता सांस्कृतिक केंद्र आहे. कॅथलिक माणसाने प्याल्यांच्या टेबलाआधी तेथे गुडघे टेकावेत, असे आम्हांला वाटते.

हे प्रायश्चित्त आम्ही नव्याने काढलेले नाही. २२ फेब्रुवारी १९९२ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेनेगलच्या गोरे बेटावर, जेथून गुलाम जहाजांवर चढवले जात, तेथे उभे राहून ख्रिस्ती माणसांच्या या पापाबद्दल क्षमा मागितली. २००० सालच्या ज्युबिलीत, १२ मार्च रोजी, संत पेत्राच्या महामंदिरात साऱ्या ख्रिस्तसभेच्या अपराधांची जाहीर कबुली दिली. पोपमहोदयांनी जे जाहीरपणे म्हटले ते आपण वातानुकूलित बसमध्ये बसून ऐकायलाही तयार नसू, तर आपली श्रद्धा कोणत्या कामाची? आणि आपल्या घरचेही विसरू नये: पोर्तुगीज अमलात वसईच्या आणि गोव्याच्या सधन ख्रिस्ती घरांतही गुलाम होते. ज्या जुन्या वाड्यांपुढे उभे राहून आपण आज अभिमानाने छायाचित्रे काढतो, त्यांच्या मागच्या दारी कोण झोपत होते, हे एखाद्या वर्षी धर्मग्रामाच्या सणाला कोणी सांगितले तर सणाचा बेरंग होणार नाही.

त्या संध्याकाळी जहाजावर परतलो तेव्हा भोजनगृहात वाढणारा आमच्याच बाजूचा एक तरुण भेटला. जहाज बंदरात असले तर त्याला कधी तीन, कधी चार तास मोकळीक मिळे. ते तास तो बंदरालगत बसून घरी फोनवर बोलण्यात घालवी. आठ महिन्यांच्या कराराचे अजून तीन उरले होते. त्याने विचारले, "फादर, तुम्ही आत जाऊन काय पाहिलंत?" आम्ही त्याला स्तंभाविषयी सांगितले नाही, पिंपांविषयी सांगितले नाही. मोळी बांधणाऱ्या आजीविषयी सांगितले. तो ताट हातात धरून शेवटपर्यंत उभा राहिला.

"तिचं नाव काय होतं?" त्याने विचारले. आम्ही ते विचारायला विसरलो होतो.